बाळंतिणीच्या खोलीचं रेडिएशन

रायपूरच्या चौबे कॉलोनीतले अच्युतराव बोधनकर भित्रे होते असं लोक म्हणत. अच्युतराव स्वतःला सावध म्हणत. उभी हयात त्यांनी रेल्वेत स्टेशन मास्तर म्हणून काढली, तीही तिल्दा, हथबंद, भाटापारा असल्या आसपासच्या स्टेशनांवर, आणि त्यांच्या हातून एका गाडीला साधं खरचटलंसुद्धा नाही. पुढच्या स्टेशनानं ‘रस्ता मोकळा आहे’ असा निरोप दिला, म्हणजे लाईन क्लिअर दिली, तरच गाडी सोडायची. मग आत मंत्री बसलेला असो की मुहूर्त टळत चाललेला नवरदेव. नोकरी संपली, पण हा नियम काही अंगातून गेला नाही. गॅसचं बटण बंद आहे अशी लाईन क्लिअर रमाबाईंकडून तोंडी घेतल्याशिवाय ते घराला कुलूप लावत नसत. एकदा रमाबाई रागावून उत्तरच देईनात, तर एका चांगल्या लग्नातलं जेवण गेलं.

अशा घरात बातमी आली की श्रावणीला दिवस गेले.

श्रावणी म्हणजे बोधनकरांची एकुलती एक पोर. दिली नागपूरला, जावई अभिनव स्वभावानं गरीब, सासूबाई कामाच्या आणि बोलायला गोड. पहिलं बाळंतपण माहेरी, हे काही कोणी ठरवावं लागत नाही. सातव्याचं डोहाळजेवण झालं की पोर इकडे यायची. रमाबाईंनी फोन ठेवला आणि त्या दिवसापासून त्या घरात चालत नव्हत्या, तरंगत होत्या. जुन्या मऊ सुती साड्या काढून त्यांची दुपटी शिवायला घेतली. डिंक आला, बाळंतशेपा आल्या, मागच्या खोलीतलं अडगळीचं सामान हललं, कारण सकाळचं ऊन त्याच खोलीत येतं. या बाईनं जन्मात फार मागण्या केल्या नव्हत्या. ही एक केली होती, तीही कोणाजवळ बोलून नव्हे.

चूक एवढीच झाली की त्या नवऱ्याला म्हणाल्या, “खोली तेवढी पाहून घ्या बरं. लाईट, पंखा ठीक आहे की नाही.”

अच्युतरावांना तपासणी सांगणं म्हणजे माकडाला शिडी दाखवणं. त्यांनी पंखा पाहिला, बटणं पाहिली, खिडकीची कडी पाहिली, आणि पाहता पाहता भिंतीपलीकडचे श्यामराव आले. श्यामराव कृषी खात्यातून निवृत्त झालेले. खात्यात असताना त्यांना शेतीतलं किती कळत होतं देव जाणे, पण मोबाईल हातात आल्यापासून त्यांना न कळणारा विषय उरला नव्हता.

“पंखा सोडा जी, अच्युतराव,” श्यामराव पलंगावर बसत म्हणाले. “रेडिएशनचं काय करून राहिले तुम्ही?”

“कायचं रेडिएशन?”

“घ्या! घरात मायक्रोवेव्ह आहे, फ्रीज आहे, वायफायचा डबा रात्रंदिवस डोळे मिचकावून राहिला, अन् मले विचारता कायचं? पोटुशी पोट्टी येऊन राहिली घरात. मी तुमच्या जागी असतो तर मले झोप नसती लागली.”

श्यामराव हे बोलून घरी गेले आणि दुपारी गाढ झोपले. झोप उडाली ती अच्युतरावांची.

मायक्रोवेव्ह श्रावणीनंच पहिल्या पगारातून आईला घेऊन दिलेला. रमाबाई त्यात दूध गरम करत आणि पापड भाजत, याहून मोठी कामगिरी त्याच्यावर कधी सोपवली गेली नव्हती. दुसऱ्या दिवशी श्यामरावांनी मोबाईलवर पाहिलेली एक परीक्षा सांगितली. मायक्रोवेव्हचं बटण बंद ठेवायचं, आत मोबाईल ठेवायचा, दार लावायचं आणि बाहेरून फोन लावायचा. घंटी वाजली तर दारातून किरणं गळतात असं समजायचं. अच्युतरावांनी स्वतःचा फोन आत ठेवला. श्यामरावांनी जिन्यात उभं राहून नंबर लावला. मायक्रोवेव्हच्या पोटातून अच्युतरावांच्या फोनवरची गणपतीची आरती सुरू झाली.

दोन्ही म्हातारे पांढरेफटक पडले. आरती संपली. आता फोन बाहेर काढायचा तर दार उघडावं लागणार, आणि दार बंद असताना एवढं गळतं तर उघडल्यावर काय होईल? यावर चर्चा चालू असतानाच आरती पुन्हा सुरू झाली. काचेतून वाकून पाहिलं तर श्रावणीचं नाव. पोर आरती संपेपर्यंत वाट पाहत राहिली आणि बापानं फोन उचलला नाही. शेवटी रमाबाई स्वयंपाकघरात आल्या, त्यांनी दार उघडलं, फोन काढला, पदरानं पुसला आणि म्हणाल्या, “हं, बोल बेटा. नाही ग, मायक्रोवेव्हमध्ये होते तुझे बाबा.”

त्यानंतर अच्युतरावांनी मीटर मागवलं. हातात मावेल एवढं काळं यंत्र, त्याला हिरवा, पिवळा आणि लाल असे तीन दिवे. तीन दिव्यांची भाषा अच्युतरावांना मातृभाषेपेक्षा जवळची, त्यामुळे त्यांचा त्याच्यावर लगेच विश्वास बसला. मीटर फ्रीजजवळ लाल झालं, मिक्सरजवळ लाल झालं, वायफायजवळ तर किंचाळलं. देवघरातल्या विजेच्या समईजवळही ते लाल झालं, तेव्हा अच्युतरावांनी आधी नमस्कार केला आणि मग समईची पिन काढली. जिथे लाल दिसेल तिथे लाल चिंधी बांधायची असं त्यांनी ठरवलं. दोन दिवसांत घर जत्रेतल्या देवळासारखं दिसू लागलं. वायफाय बंद झालं. मायक्रोवेव्ह गच्चीवर गेला आणि तिथे रमाबाई त्यात कांदे ठेवू लागल्या. मोबाईल ताटलीत ठेवून, हातभर लांबून, ओरडून बोलायचा हुकूम निघाला, त्यामुळे बोधनकरांच्या घरचं सगळं बोलणं कॉलोनीला मोफत कळायला लागलं.

आणि कॉलोनी ऐकत असेल तर गप्प कशी बसेल? कोणी म्हणालं तुळस ठेवा, कोणी म्हणालं सैंधव मिठाचा खडा ठेवा. समोरच्या वर्मा दीदींनी शेणानं भिंत सारवायला सांगितलं, वर शेण पाठवते म्हणाल्या. अच्युतरावांनी सगळ्यांचं शांतपणे ऐकून घेतलं. पण ते रेल्वेचे माणूस, त्यांना पुराव्याशिवाय पटत नसे. पुरावा त्यांना मायक्रोवेव्हच्याच माहितीपुस्तिकेत सापडला. तिच्यात लिहिलं होतं की दाराच्या काचेत बारीक धातूची जाळी असते आणि ती किरणं आत अडवते. अच्युतराव रात्रभर विचार करत पडले. जाळी जर आतलं बाहेर जाऊ देत नसेल, तर बाहेरचं आतही येऊ देणार नाही. सकाळी ते गोल बाजारात गेले.

जाळीवाल्यानं विचारलं, “कितनी बारीक दूँ, बाबूजी? मुर्गी के लिए चाहिए कि कबूतर के लिए?”

“बेटी के लिए,” अच्युतराव म्हणाले.

जाळीवाल्यानं सगळ्यात बारीक जाळी मोजून दिली.

मागच्या खोलीला भिंतींवरून, छतावरून, खिडकीवरून जाळी ठोकण्यात आली. ठोकाठोकीचा आवाज तीन घरं ऐकत होती आणि रिक्षातून उतरलेली जाळी त्यांनी पाहिलीच होती. आठवड्याभरात कॉलोनीत पक्कं झालं की बोधनकर म्हातारपणी कोंबड्या पाळून राहिले. जन्मभर ज्यांनी अंडं घरात येऊ दिलं नाही त्या अच्युतरावांच्या दारात पालिकेचा माणूस चौकशीला येऊन उभा राहिला. त्याच्याकडे तक्रार गेली होती. त्यानं खोली पाहिली, जाळी पाहिली, मधोमध ठेवलेला पाळणा पाहिला आणि टोपी काढून डोकं खाजवलं.

“अभी तो खाली है,” तो म्हणाला. “कब आ रही है?”

“सातवाँ लगते ही,” अच्युतराव ताठ मानेनं म्हणाले.

“और अंडा?”

यावर अच्युतरावांनी त्याला जे सांगितलं ते त्यांनी आयुष्यात कोणाला सांगितलं नव्हतं, आणि रमाबाईंनी मध्ये पडून त्या माणसाला चहा दिला नसता तर गोष्ट कुठे गेली असती सांगता येत नाही. रात्री ते जेवले नाहीत. कुटुंबासाठी झिजावं आणि बदल्यात अंड्यांची चौकशी व्हावी, हे त्यांच्या जिव्हारी लागलं.

पण जाळीचा गुण आला होता. त्या खोलीत पाऊल टाकलं की मोबाईलची रेंज जात असे. आता खोलीबाहेर उरला फक्त मागच्या इमारतीवरचा मोबाईलचा टॉवर. त्याच्यासाठी अच्युतराव, सगळी सरकारी कार्यालयं जिथे नेली त्या नवा रायपूरला गेले. तिथले रस्ते एवढे रुंद की पलीकडे जाईपर्यंत माणूस कशासाठी निघाला होता ते विसरावं, आणि बस अशी की आली तर आली. पहिल्या कार्यालयात सांगितलं की हे दुसऱ्या कार्यालयाचं काम. दुसऱ्या कार्यालयात सांगितलं की साहेब पहिल्या कार्यालयात गेलेत. तिसऱ्या ठिकाणी मात्र एक तरुण इंजिनियर बाई भेटली. तिनं त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि सगळं ऐकून घेतलं, आरतीसुद्धा.

ती म्हणाली, “अंकल, माइक्रोवेव बंद किया कि उसकी किरणें भी बंद। उसमें कुछ बचा नहीं रहता। और ये एक्स-रे वाली चीज़ नहीं है, ये तो बस गरम करती है। दरवाज़ा टेढ़ा न हो, ठीक से बंद होता हो, तो आराम से चलाइए। फ़ोन को ज़रा-सा सिग्नल भी काफ़ी है, इसलिए अंदर बज गया। और आपका मीटर तो बिजली के हर तार पर चिल्लाएगा।”

“अन् टॉवर?”

“उसकी जाँच होती है। सीमा से बहुत नीचे है।” मग तिनं विचारलं, “कमरे में सिगड़ी तो नहीं रखेंगे? हमारे यहाँ जच्चा के कमरे में रखते हैं न, खिड़की बंद करके। उसका धुआँ सचमुच ख़राब है।”

बाळंतिणीच्या खोलीतल्या शेगडीचं अच्युतरावांनी ऐकलं, पण घेतलं नाही. ते रेडिएशनची चौकशी करायला आले होते, धुराची नव्हे. त्यांनी खिशातून पेन काढून तिच्यापुढे ठेवलं आणि म्हणाले, “मैडम, लिखकर दे दीजिए कि बच्चे को कुछ नहीं होगा।”

बाईनं पेनाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. “कुछ नहीं होगा, ऐसा कौन लिखकर देगा, अंकल? सीमा के अंदर है, ये मैं लिख दूँगी।”

अच्युतराव पेन उचलून उठले. लाईन एक तर क्लिअर असते किंवा नसते. सीमेच्या आत क्लिअर अशी लाईन त्यांनी कधी कुठल्या गाडीला दिली नव्हती.

ते घरी पोचले तेव्हा रमाबाई अंगणात उभ्या राहून ताटलीतल्या फोनशी बोलत होत्या. पलीकडे श्रावणी होती. आईनं तिला फोनवर खोली दाखवायचा प्रयत्न केला होता आणि उंबऱ्यावरच चित्र गोठलं होतं. श्रावणी आधी पोट धरून हसली होती. आता हसत नव्हती. तिला मराठी सगळं समजे, पण रायपूरच्या शाळेत वाढलेली पोट्टी, बोलणं अर्धंअधिक हिंदीत.

“बाबा, मैं काम कैसे करूँगी वहाँ? नववा लागेपर्यंत मी घरून काम करणार आहे. इंटरनेट तो चाहिए न!”

“कामाचं पाहू नंतर. एवढे महिने सुट्टी घे.”

“सुट्टी बाद के लिए बचानी है, बाबा. मग मी इथेच राहते. सासूबाई म्हणूनच राहिल्या आहेत, इकडेच कर म्हणून.”

रमाबाईंच्या हातात दुपट्याला लावायची सुई होती. ती तशीच राहिली. अच्युतरावांनी बायकोकडे पाहिलं. तसला चेहरा त्यांनी फार वर्षांत पाहिला नव्हता.

मधला मार्ग रमाबाईंनीच काढला. “मीटर लावून पाहा त्या जाळीच्या खोलीत. हिरवा आला तर वायफाय चालू करायचं, दुसऱ्या खोलीत ठेवू, तिथे बसून काम करंल ती, अन् झोपायले जाळीच्या खोलीत येईल. अन् लाल आला तर मी काही म्हणणार नाही. आहे मंजूर?”

अच्युतरावांना मंजूर होतं. आजवर कोणी त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोललं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आंघोळी आटोपून तपासणी झाली. श्यामराव साक्षीदार म्हणून आले. श्रावणीला फोनवर धरून ठेवलं होतं. तो फोन ताटलीसकट उंबऱ्याबाहेर, कारण आत रेंज नव्हती. अच्युतराव पायातले जोडे काढून जाळीच्या खोलीत गेले, पाळण्यापाशी उभे राहिले आणि त्यांनी मीटर वर धरलं.

मीटरवर काहीच आलं नाही. हिरवं नाही, पिवळं नाही, लालही नाही. त्यांनी ते हलवलं, तळहातावर आपटलं. सगळे दिवे विझलेले.

“बॅटरी गेली असंल जी,” श्यामराव म्हणाले. “माझ्या घड्याळाची आणून देतो.”

“थांबा,” अच्युतराव म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. “रेल्वेत नियम आहे. सिग्नलचा दिवा विझलेला दिसला तर ड्रायव्हरनं काय समजायचं?”

“काय समजायचं?”

“लाल. विझलेला सिग्नल म्हणजे लाल. गाडी उभी करायची.”

“अहो, पण हा सिग्नल थोडाच आहे! हे तर...”

“नियम म्हणजे नियम.”

उंबऱ्याबाहेर ताटलीतून श्रावणीचा आवाज आला, “क्या हुआ? आई? हिरवा आया क्या?” आतून पुन्हा ‘नियम म्हणजे नियम’ एवढंच ऐकू आलं. पोर हुशार होती. थोड्या वेळानं ती म्हणाली, “ठीक है. मी अभिनवला सांगते. इथलंच नाव नोंदवते हॉस्पिटलमध्ये.” आणि फोन बंद झाला.

श्यामराव माणूस बडबड्या असला तरी वाईट नव्हता. ते जोडे घालून गुपचूप घरी गेले.

रमाबाई खोलीत आल्या. त्या ओरडल्या असत्या तर अच्युतरावांना बरं वाटलं असतं, ओरडण्याला उत्तर देता येतं. त्यांनी पाळण्यातली दुपटी एकेक करून उचलली, घडी केली आणि पिशवीत भरायला लागल्या.

“काय करून राहिली तू?” अच्युतरावांनी विचारलं.

“नागपूरले चालली. पोट्टी माहेरी येत नाही तर माहेरानं पोट्टीकडे जायचं.”

“व्याह्यांच्या घरी? बाळंतपणाले? लोक काय म्हणतील?”

“कोंबड्या पाळल्या म्हणणारे लोक ना? म्हणू द्या.” त्यांनी आणखी एक घडी केली. मग हात थांबवून, खाली पाहत त्या म्हणाल्या, “एक विचारू? हथबंदले आपलं पहिलं गेलं. तेव्हा क्वार्टरमध्ये काय होतं हो? मायक्रोवेव्ह होता? टॉवर होता?”

अच्युतराव हातातल्या मीटरकडे पाहू लागले.

“एक बल्ब होता. तोही लाईट असंल तेव्हा. फोन तुमच्या स्टेशनावर, तोही खडखडणारा. ना किरणं, ना काही. तरी गेलं. डॉक्टर म्हणाले, होते असं कधी कधी. तुम्ही तीन दिवस दवाखान्यात त्याइच्या मागं लागले, कारण सांगा, कारण सांगा. मी पलंगावरून पाहून राहिली होती. माह्याजवळ येऊन बसले नाही तुम्ही. कारण शोधून राहिले होते.”

बाहेर वर्मा दीदींच्या घरी कुकरची शिटी झाली. अच्युतराव पाळण्याच्या कडेला हात लावून उभे होते. त्या मुलाबद्दल या घरात इतकी वर्षं एक अक्षर बोललं गेलं नव्हतं. बोललं नाही म्हणजे संपलं, असं ते समजत होते. आता त्यांना कळलं की मिक्सर, फ्रीज आणि समई तपासत हिंडताना ते अजून त्या दवाखान्याच्या पडवीतच उभे होते. आणि ज्यांच्याजवळ जाऊन बसायला हवं होतं त्या रमाबाई इतकी वर्षं त्या पलंगावर एकट्या होत्या. हे त्यांना कळलं आणि त्यांना फार वाईट वाटलं.

“रमा,” ते म्हणाले. हातातलं मीटर त्यांनी जमिनीवर ठेवून दिलं.

ते बाहेर आले. ताटलीतला फोन उचलून त्यांनी नंबर लावला आणि तो सरळ कानाला धरला. हे बोलणं हातभर लांबून ओरडून करण्यासारखं नव्हतं.

“श्रावणी, मी बोलतो.”

“बोला, बाबा.” आवाज रुसलेला होता, आणि त्याच्या खाली आणखी काहीतरी होतं.

“बेटा, मी सगळीकडे विचारून आलो. लेखी कोणी देत नाही. मी पण नाही देऊ शकत. सगळं ठीक होईल असं मले सांगता येत नाही. मले भीती वाटते. बस, एवढंच आहे. त्या जाळीबिळीत दुसरं काही नाही.”

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

“बाबा,” श्रावणी म्हणाली, आणि ज्या पोरीच्या तोंडून शाळेत गेल्यापासून बापानं घरचं ‘मले’ ऐकलं नव्हतं ती म्हणाली, “मले पण लय भीती वाटून राहिली. पहिल्या दिवसापासून. इथे सगळे म्हणतात, कुछ नहीं होता, कुछ नहीं होता. म्हणून तर मले तिकडे यायचं होतं.”

अच्युतराव पायरीवर बसले. मागे दारात रमाबाई हातात पिशवी घेऊन येऊन उभ्या होत्या.

“मग ये ना बेटा,” अच्युतराव म्हणाले. “आपण तिघं मिळून भिऊ.”